कन्फर्म पासवर्ड टाइप होतानाच कसा तपासायचा: नोंदणी फॉर्म बनवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ऐरोलीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीचं पोर्टल बनवायचंय असं धरा. मेंटेनन्सची पावती, पाहुण्यांची नोंद, क्लबहाउसचं बुकिंग, सगळं त्यावरून. सभासदांनी आपली नोंदणी आपणच करायची. कुणी ती ठाणे-पनवेल लोकलमध्ये उभ्याने, एका हातात फोन धरून करणार, कुणी सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर, कुणी नातवाला शेजारी बसवून. फॉर्ममध्ये पासवर्ड दोनदा लिहायचा. सगळं भरून बटण दाबलं की पान फिरून येतं, वर लाल अक्षरांत ‘पासवर्ड जुळत नाहीत’ दिसतं आणि दोन्ही फील्ड रिकामी झालेली असतात. सेक्रेटरीचा फोन वाजायला लागतो तो इथून.

तपासणी ब्राउझरमध्येच, टाइप होतानाच केली की हा प्रकार बहुतांशी थांबतो. त्यासाठी लागणारा पाच-सात ओळींचा कोड नेटवर कुठेही मिळतो, पण तो बहुधा दुसऱ्या फील्डलाच चिकटवलेला असतो, जणू बरोबर-चूक ठरतं ते फक्त तिथे. जुळणं ही दोन फील्डमधली गोष्ट आहे. पहिलं बदललं तरी उत्तर बदलतं. पुढचे बरेचसे दोष ही साधी बाब विसरल्यामुळे येतात.

लेखात कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. एडिटरमध्ये ते अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने लिहायचे.

दुसरं फील्ड हवंच का?

पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, चूक कळत नाही, म्हणून तो दोनदा घ्यायचा, एवढंच या फील्डचं काम. ‘पासवर्ड दाखवा’ असं बटण दिलं आणि विसरलेला पासवर्ड ओटीपीवर बदलता येत असेल, तर दुसरं फील्ड काढून टाकणं हा चांगला पर्याय आहे. फोनवर प्रत्येक जादा फील्ड म्हणजे जादा कटकट. पण ग्राहकाला ते हवंच असतं, किंवा वापरणारे वयस्कर असतात आणि लोकलच्या गर्दीत पासवर्ड उघडा करायला बिचकतात. तेव्हा ठेवा. मात्र दोन्ही पासवर्ड जुळले म्हणजे पासवर्ड बरोबर लिहिला गेला असं नाही, हे डोक्यात असू द्या. कॅप्स लॉक चालू राहिला तर दोन्हीकडे तीच चूक होते आणि फॉर्म हिरवा होतो.

एचटीएमएल: पाया इथेच पक्का करायचा

फॉर्म टॅगवर मेथड ‘पोस्ट’ आधी लिहा. ‘सगळं जावास्क्रिप्टने पाठवतोय, मेथड कशाला’ असं म्हणून ती गाळली जाते. मेथड लिहिली नाही तर ब्राउझर ‘गेट’ धरतो. लोकलमध्ये नेट तुटलं, स्क्रिप्टची फाइल उतरलीच नाही आणि माणसाने बटण दाबलं, तर पासवर्ड सरळ पत्त्याच्या पट्टीत जातो. तिथून ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये.

मोबाइल नंबर किंवा ईमेलच्या फील्डला ऑटोकम्प्लीटची किंमत ‘यूजरनेम’ द्या. पासवर्डच्या दोन्ही फील्डना ‘न्यू-पासवर्ड’ द्या. दोन्हींना दिलं की पासवर्ड मॅनेजरला कळतं की हा नवा पासवर्ड आहे, आणि त्याने सुचवलेला पासवर्ड दोन्हीकडे भरला जातो. दुसऱ्यावर ‘ऑफ’ लिहिलं तर तो एकीकडेच भरला जाऊ शकतो. मग ठिपक्यांमागे काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाने दुसऱ्यांदा काय टाइप करायचं?

दोन्ही फील्डना स्वतःचं लेबल हवं, फॉर आणि आयडीने जोडलेलं. नुसत्या प्लेसहोल्डरवर भागवू नका, टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो आणि आपण पहिल्या फील्डमध्ये आहोत की दुसऱ्या, हेच कळेनासं होतं. स्पेलचेक ‘फॉल्स’, ऑटोकॅपिटलाइझ ‘नन’ आणि ऑटोकरेक्ट ‘ऑफ’ हेही दोन्हींवर लिहा. पासवर्ड दाखवताना फील्ड साध्या मजकुराचं होतं, तेव्हा कळफलक पहिलं अक्षर मोठं करू शकतो किंवा सूचना स्वीकारल्यावर शेवटी एक मोकळी जागा (स्पेस) सोडू शकतो. क्रोममध्ये सुधारित स्पेलचेक चालू असेल तर उघडा केलेला मजकूर तपासणीसाठी गूगलच्या सर्व्हरकडे जातो, हे वेगळंच.

मॅक्सलेंग्थ देऊ नका. हा सल्ला उलटा वाटेल, पण पेस्ट केलेला मजकूर मॅक्सलेंग्थपेक्षा लांब असेल तर ब्राउझर तो मुकाट्याने कापतो. पहिल्या फील्डवर २० ची मर्यादा आणि दुसऱ्यावर काहीच नाही, अशा फॉर्ममध्ये पेस्ट केलेला २४ अक्षरांचा पासवर्ड कधीच जुळणार नाही, आणि का, ते माणसाला दिसणारही नाही. दोन्हींवर तीच मर्यादा असेल तर आणखी पंचाईत. दोन्ही सारखेच कापले जातात, नोंदणी होते, मॅनेजरमध्ये मात्र पूर्ण पासवर्ड राहतो. लॉगिनच्या फील्डला मर्यादा नसली की दुसऱ्या दिवशी ‘चुकीचा पासवर्ड’. लांबी स्क्रिप्टमध्ये मोजा आणि जास्त झाली तर शब्दांत सांगा.

दुसऱ्या फील्डला लागून संदेशासाठी एक रिकामा पॅराग्राफ ठेवा. त्याला आयडी, रोल ‘स्टेटस’ आणि लँग ‘एमआर’ द्या. हा पॅराग्राफ पान उघडतानाच हजर असला पाहिजे. नंतर स्क्रिप्टने घुसवला तर काही स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर) त्यातला पहिला संदेश वाचतच नाहीत.

एकच फंक्शन, चार उत्तरं

आता स्क्रिप्ट. तुलनेचं फंक्शन एकच लिहा आणि ते कुठूनही बोलावलं तरी दोन्ही फील्डच्या त्या क्षणीच्या किमती वाचून उत्तर देईल असं ठेवा. आधीची किंमत कुठल्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायची नाही. उत्तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असून चालत नाही, कारण अर्धा टाइप झालेला पासवर्ड चुकलेला नसतो. क्रमाने असं तपासा:

१. दुसरं फील्ड रिकामं असेल तर उत्तर ‘शांत’. ही ओळ गाळली तर दोन्ही फील्ड रिकामी असताना ती एकमेकांशी समान ठरतात आणि पान उघडताच हिरवी खूण झळकते.

२. दोन्ही किमती तंतोतंत समान असतील तर ‘जुळला’. तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) करा.

३. पहिल्या पासवर्डची सुरुवात दुसऱ्या फील्डमधल्या मजकुराने होत असेल तर ‘अर्धवट’. जावास्क्रिप्टमध्ये ‘स्टार्ट्सविथ’ आहे, तेच वापरा.

४. बाकी सगळं ‘जुळत नाही’.

तुलना करताना मोठी-लहान अक्षरं एक करू नका. ट्रिमही करू नका, पासवर्डच्या शेवटची जागा हा पासवर्डचाच भाग असतो. पण जागेमुळेच घोळ होतो हेही खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेला पासवर्ड कॉपी करताना मागे एक जागा चिकटून येते. म्हणून चौथ्या उत्तरात एक पोटभेद करा: दोन्ही किमतींच्या कडेच्या जागा काढल्यावर त्या समान ठरत असतील तर ‘एका पासवर्डच्या सुरुवातीला किंवा शेवटी मोकळी जागा आहे’ असं सांगा. आपण जागा पुसायची नाही, फक्त दाखवून द्यायची.

काही ठिकाणी दुसऱ्या फील्डच्या पॅटर्न अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पहिला पासवर्ड घालून ब्राउझरकडूनच तुलना करून घेण्याची युक्ती दिसते. ती वापरू नका. पॅटर्न म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, मजकुराचा साचा सांगणारी चिन्हांची भाषा. पासवर्डमध्ये टिंब, अधिक, डॉलर किंवा कंस आला की त्याचा अर्थ बदलतो. ‘ठाणे+१’ असा पासवर्ड या पद्धतीने स्वतःशीच जुळत नाही. शिवाय पासवर्ड पानाच्या मार्कअपमध्ये उघडा पडतो.

आणि ताबडतोब तपासायचं म्हणजे दर अक्षराला सर्व्हरला विचारायचं नाही. दोन्ही किमती ब्राउझरमध्येच आहेत. त्या पुन्हापुन्हा नेटवर पाठवल्या तर अर्धवट पासवर्ड कुठल्यातरी लॉगमध्ये साठत जातात. ब्राउझरमधल्या तपासणीला नेट लागत नाही, बोगद्यात रेंज गेली तरी ती चालते. चाचणीसाठी लिहिलेल्या कन्सोल लॉगच्या ओळी साइट चढवण्याआधी काढा. साइटवर वापरकर्त्यांची हालचाल रेकॉर्ड करणारं एखादं साधन लावलं असेल, तर ही दोन फील्ड त्यातून वगळली आहेत ना, ते त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

कोणत्या इव्हेंटवर

‘इनपुट’ इव्हेंट, दोन्ही फील्डवर. जुन्या कोडमध्ये ‘कीअप’ दिसतो. तो कळ सुटल्यावरच चालतो. माउसने केलेलं पेस्ट, ओढून टाकलेला मजकूर, पासवर्ड मॅनेजरने भरलेली किंमत, यातलं काहीच त्याला कळत नाही. ‘चेंज’ फील्ड सोडल्यावर येतो, तोवर उशीर झालेला असतो.

पहिल्या फील्डवर लिसनर लावणं हीच सर्रास राहून जाणारी गोष्ट. माणूस दोन्ही पासवर्ड भरतो, ‘जुळला’ दिसतं. मग ‘किमान आठ अक्षरं हवीत’ वाचून तो वर जाऊन पहिल्यात भर घालतो. खाली हिरवी खूण तशीच. बटण दाबल्यावर सर्व्हर नाही म्हणतो, आणि माणूस पडद्यावरच्या दोन परस्परविरोधी संदेशांकडे बघत बसतो.

‘इनपुट’खेरीज दुसऱ्या फील्डच्या ‘ब्लर’वर, फॉर्मच्या ‘सबमिट’वर आणि विंडोच्या ‘पेजशो’वर तेच फंक्शन बोलवा. ‘पेजशो’ यासाठी की माणूस मागचं बटण दाबून परत आला तर ब्राउझर फील्डमधला मजकूर जपून ठेवलेला असू शकतो, आणि त्या वेळी ‘इनपुट’ येत नाही. फॉर्ममध्ये ‘रीसेट’चं बटण असेल तर ते काढून टाका. सगळं भरलेलं चुकून पुसण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

केव्हा बोलायचं

खरं कसब इथे आहे. पहिलं अक्षर पडताच ‘पासवर्ड जुळत नाहीत’ असं लाल अक्षरांत ओरडणारा फॉर्म तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नाही, पण शिक्षकाने पहिलाच आकडा लिहिताना गणित चुकलं म्हणावं तसं ते वागणं आहे. लोक गोंधळून थांबतात, खोडतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आपली चार उत्तरं इथे उपयोगी पडतात. ‘शांत’ असेल तर काही दाखवू नका. ‘अर्धवट’ असेल आणि कर्सर अजून फील्डमध्ये असेल तर तेव्हाही नाही. ‘जुळला’ असेल तर लगेच दाखवा, त्याच क्षणी. ‘जुळत नाही’ असेल तर टाइप करणं थांबल्यावर अर्धा-पाऊण सेकंद वाट बघून दाखवा. ५०० ते ७०० मिलिसेकंद बरे पडतात. त्याहून कमी ठेवलं तर एका बोटाने टाइप करणाऱ्याला दोन अक्षरांच्या मध्येच संदेश दिसतो, आणि सेकंदापेक्षा जास्त ठेवलं तर तो तोवर पुढच्या फील्डवर गेलेला असतो. फील्ड सोडलं की मात्र वाट बघायची नाही. त्या वेळी ‘अर्धवट’लाही संदेश हवा: ‘दुसऱ्यांदा लिहिलेला पासवर्ड अपुरा आहे’. माणूस पहिल्या फील्डमध्ये बदल करत असेल आणि दुसरं आधीच भरलेलं असेल, तरीही हाच नियम. हिरवी खूण ताबडतोब काढा, लाल संदेश थोडं थांबून.

एकदा दाखवलेली चूक दुरुस्त झाली की संदेश क्षणात जायला हवा. चूक सांगायला उशीर चालतो, मागे घ्यायला नाही.

टायमरमध्ये एक ठरलेला दोष येतो. दर ‘इनपुट’ला आधीचा टायमर रद्द करायचा आणि मगच नवा लावायचा. रद्द करायला विसरलं की अर्ध्या सेकंदापूर्वीचा टायमर नंतर वाजतो आणि जुळलेल्या पासवर्डखाली ‘जुळत नाही’ उमटतं. दुसरी काळजी अशी की टायमर वाजल्यावर तुलना पुन्हा नव्याने करायची. लावताना काढलेलं उत्तर त्यात पकडून ठेवायचं नाही.

संदेशात काय करायचं ते सांगा. ‘अवैध इनपुट’ हे भाषांतरित फलकासारखं वाटतं. ‘दोन्ही पासवर्ड वेगवेगळे आहेत. दुसऱ्यांदा पुन्हा लिहा’ एवढं पुरतं. कितवं अक्षर चुकलं ते सांगायचा मोह होतो. सांगू नका. पडद्याकडे बघणारा शेजारी असू शकतो.

ब्राउझरची स्वतःची तपासणी आणि तिचा सापळा

‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ला मराठी संदेश दिला की ब्राउझर फॉर्म अडवतो आणि फील्डजवळ फुगा दाखवतो. सोय चांगली आहे. संदेश आपला, मराठी. ब्राउझरचे स्वतःचे संदेश त्याच्या भाषेत येतात. ही सोय दुसऱ्या फील्डवर वापरा, कारण दुरुस्ती बहुधा तिथेच करायची असते.

सापळा असा. हा संदेश आपोआप जात नाही. पासवर्ड जुळल्यावर याच फंक्शनला रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते. नाही दिली तर सगळं बरोबर असूनही फॉर्म जन्मात पुढे जात नाही. काहीजण ही सफाई ‘सबमिट’च्या लिसनरमध्ये लिहितात, आणि तिथे ती चालतच नाही: फील्ड अवैध असेल तर ब्राउझर ‘सबमिट’ इव्हेंट पाठवण्याआधीच अडवतो. म्हणजे सफाई करणारी ओळ सफाई झाल्याशिवाय गाठता येत नाही. संदेश लावणं आणि पुसणं, दोन्ही आपल्या त्या एकाच फंक्शनमध्ये ठेवा.

संदेश पूर्णपणे स्वतःच दाखवायचे असतील तर फॉर्मवर ‘नोव्हॅलिडेट’ लिहा. मग ‘सबमिट’ नेहमी येतो, अडवायची जबाबदारी तुमची. नोव्हॅलिडेट एचटीएमएलमध्ये न लिहिता स्क्रिप्टने लावलात तर स्क्रिप्ट न उतरलेल्या फोनवर ब्राउझरची ‘रिक्वायर्ड’सारखी तपासणी तरी शिल्लक राहते. मिनलेंग्थबद्दल एक: ती वापरकर्त्याने स्वतः बदललेल्या किमतीलाच लागू होते. स्क्रिप्टने भरलेली छोटी किंमत ती अडवत नाही.

पासवर्ड जुळेपर्यंत नोंदणीचं बटण बंद ठेवण्याची पद्धत आमच्या मते टाळावी. बंद बटण का बंद आहे ते सांगत नाही, आणि कीबोर्डवरून फिरणाऱ्याला तिथे पोचताही येत नाही. बटण चालू ठेवा. दाबल्यावर चूक असेल तर संदेश दाखवा आणि कर्सर दुसऱ्या फील्डमध्ये नेऊन ठेवा.

मराठी कळफलक

परदेशी लेखांत ही बाब सापडत नाही आणि ठाण्या-नवी मुंबईत रोज घडते. माणूस नाव आणि पत्ता मराठीत भरतो, कळफलक मराठीवरच राहतो, आणि पासवर्ड देवनागरीत टाइप होतो. ठिपके दिसत असल्यामुळे पत्ता लागत नाही. दुसऱ्यांदाही तसाच टाइप होतो, दोन्ही जुळतात, नोंदणी होते. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर इंग्रजी कळफलकावर त्याच कळा दाबल्या की लॉगिन होत नाही. इन्स्क्रिप्ट लेआउट वापरणाऱ्या ऑफिसच्या पीसीवर हे विशेष.

देवनागरी पासवर्डला बंदी घालायचं कारण नाही. पहिल्या फील्डच्या ‘इनपुट’वर देवनागरी अक्षर आहे का ते बघा (युनिकोड फ्लॅग लावलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ असं लिहिता येतं) आणि शांतपणे सांगा: ‘पासवर्ड मराठी अक्षरांत लिहिला जात आहे’. कॅप्स लॉकची सूचनाही तशीच. कीबोर्ड इव्हेंटच्या ‘गेटमॉडिफायरस्टेट’ला ‘कॅप्सलॉक’ विचारला की उत्तर मिळतं. या दोन्ही सूचना म्हणजे चूक नव्हे, त्यांना लाल रंग नको आणि फॉर्मही अडवायला नको.

देवनागरी स्वीकारायचं ठरवलं की दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, दिसायला सारखं पण आत वेगळं. ‘खाडीकिनाऱ्या’मधला ‘ऱ्या’ तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: एकाच कोडच्या ‘ऱ’ने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’ आणि हलंतानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून. फोनचा कळफलक एक पद्धत वापरतो, पीसीचा दुसरी. तुलनेआधी दोन्ही किमतींवर ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन युनिकोडच्या ‘एनएफसी’ प्रकाराने चालवलं की पहिले दोन प्रकार एक होतात. जॉइनरचा तिसरा प्रकार वेगळाच राहतो. नॉर्मलाइझ करायचं तर ते ब्राउझरमध्ये, नोंदणीच्या वेळी सर्व्हरवर आणि पुढे लॉगिनच्या वेळी, सगळीकडे सारखं करा. एकाच ठिकाणी केलंत तर ब्राउझर ‘जुळला’ म्हणेल आणि सर्व्हर नाकारेल.

दुसरी, लांबी. ‘ऐरोलीकर’ डोळ्यांना पाच अक्षरं, जावास्क्रिप्टच्या ‘लेंग्थ’ला सात, आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो. पासवर्ड साठवण्याआधी त्याचा हॅश बनवणारी बीक्रिप्ट ही पद्धत फक्त पहिले ७२ बाइट वापरते. इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे भरपूर, देवनागरीत तेवढ्यात २४ कोडच बसतात. पीएचपीचं ‘पासवर्ड_हॅश’ बीक्रिप्टसोबत पुढचा भाग न सांगता सोडून देतं. बाइट मोजायला ‘टेक्स्टएन्कोडर’ वापरा आणि ७२ ओलांडले की नोंदणीच्या वेळीच सांगा. आरगॉन२आयडी ही दुसरी हॅश पद्धत वापरलात तर ही अडचण येत नाही.

अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१७ च्या ८००-६३बी मार्गदर्शिकेत पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा, किमान ६४ अक्षरांपर्यंत स्वीकारावा, पेस्ट करू द्यावं आणि ‘एक मोठं अक्षर, एक चिन्ह’ अशी सक्ती करू नये असं म्हटलं होतं. कन्फर्म फील्डमध्ये पेस्ट अडवणारा कोड कुणी मागितला तर हे दाखवा. अडवल्याने फटका बसतो तो मॅनेजर वापरणाऱ्या शहाण्या माणसालाच.

दाखवा-लपवा बटण

फॉर्मच्या आत बटण टॅग लिहिला आणि टाइप ‘बटन’ दिला नाही, तर तो ‘सबमिट’ धरला जातो. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवताच फॉर्म निघून जातो, असा दोष बहुतेक वेळा एवढ्यानेच येतो. एकाच बटणाने दोन्ही फील्ड एकदम उघडी करा. एक उघडं आणि एक झाकलेलं ठेवून काही साधत नाही. पाठवण्याआधी टाइप पुन्हा ‘पासवर्ड’ करा, म्हणजे ब्राउझर तो साधा मजकूर समजून पुढच्या वेळी सुचवणार नाही. चिन्हासोबत ‘दाखवा’ हा शब्द लिहिला तर उत्तम. डोळ्यावरची तिरकी रेघ म्हणजे आत्ता लपलेलं आहे की दाबल्यावर लपेल, यावर एकमत कधी झालेलं नाही.

दिसणं आणि ऐकू येणं

नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नका. रंगांधळ्या माणसाला आणि उन्हात फोन धरलेल्याला दोन्ही सारखेच. शब्द हवेत, चिन्ह जोडीला. पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षरांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम ४:१ भरतो आणि डब्ल्यूसीएजीला (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या निकषांना) साध्या मजकुरासाठी ४.५:१ हवा, म्हणून गडद लाल घ्या.

संदेशाच्या पॅराग्राफला एका ओळीइतकी किमान उंची आधीच द्या. नाही दिली तर संदेश येता-जाता खालचं बटण वरखाली उडतं आणि बोट भलतीकडे पडतं. लाइन-हाइट १.५ च्या खाली नेऊ नका. इंग्रजी अक्षरं १.२ मध्ये बसतात, मराठीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. संदेश फील्डच्या वर ठेवला तर फोनवर कळफलकाखाली किंवा पासवर्डच्या सूचनांखाली झाकला जात नाही. ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिमही चूक फील्डच्या वरच दाखवते. खाली ठेवायचा असेल तर कळफलक उघडा असताना तो दिसतो का, ते खऱ्या फोनवर बघा.

दुसऱ्या फील्डवर ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’मध्ये संदेशाचा आयडी लिहा. चूक दाखवताना ‘एरिया-इनव्हॅलिड’ ‘ट्रू’ करा, मिटल्यावर काढा. पॅराग्राफमधला मजकूर खरंच बदलला असेल तरच नव्याने लिहा. दर अक्षराला तोच संदेश पुन्हा लिहिला तर स्क्रीन रीडर तो पुन्हापुन्हा वाचू शकतो. पान इंग्रजी घोषित केलेलं असेल आणि संदेशावर ‘एमआर’ नसेल, तर मराठी वाक्य इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतं.

सर्व्हर

ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, पहारा नाही. दोन्ही किमती सर्व्हरवर पाठवा आणि तिथे पुन्हा तुलना करा.

पीएचपीत दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर आकड्यांसारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग आकडे म्हणून तोलल्या जातात, आणि ‘००७’ व ‘७’ इंग्रजी आकड्यांत लिहिले तर समान ठरतात. इथेही तीन चिन्हं. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये ‘कन्फर्म्ड’ नियम आहे. दुसऱ्या फील्डचं नाव पहिल्याच्या नावापुढे अंडरस्कोर ‘कन्फर्मेशन’ असं हवं. लाराव्हेल येणाऱ्या मजकुराच्या कडेच्या जागा आपोआप काढतं, पण ‘पासवर्ड’ आणि ‘पासवर्ड_कन्फर्मेशन’ या नावांना वगळतं. तुम्ही फील्डचं नाव ‘पास’ ठेवलंत की ही सूट गेली, आणि जागा असलेला पासवर्ड तिथे गुपचूप बदलतो. रूबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्ये ‘कन्फर्मेशन’ची तपासणी दुसरी किंमत ‘निल’ असेल तर होतच नाही, म्हणून ती असलीच पाहिजे हा नियम सोबत लिहावा लागतो. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कचा तयार नोंदणी फॉर्म दोन्ही किमती स्वतः ताडून बघतो, तिथे फक्त संदेश मराठीत करून घ्या.

सर्व्हरने फॉर्म परत पाठवला तर पासवर्ड फील्डमध्ये भरून पाठवू नका. बाकीची माहिती मात्र राहू द्या, आणि ‘पासवर्ड पुन्हा दोन्हीकडे लिहा’ असं सांगा, नाहीतर रिकामी फील्ड माणसाच्या लक्षात येत नाहीत.

चढवण्याआधी हे करून बघा

सगळं बरोबर भरा, मग पहिल्यातलं एक अक्षर बदला: हिरवी खूण लगेच जायला हवी. पहिल्यात परत तेच अक्षर घाला: ती परत यायला हवी. चुकीचं लिहून पटकन दुरुस्त करा आणि एक सेकंद थांबा: उशिरा उगवणारा लाल संदेश दिसला तर टायमर रद्द होत नाहीये. पासवर्ड मॅनेजरकडून भरून घ्या. माउसने पेस्ट करा, शेवटी एक जागा ठेवून. टिंब, डॉलर आणि कंस असलेला पासवर्ड वापरा. एक अक्षर लिहून फील्ड सोडा. बटण दाबून पुढे जा आणि मागे या. अँड्रॉइडवर मराठी कळफलक चालू ठेवून नोंदणी करा आणि दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करा. हिरवा संदेश दिसत असताना ‘दाखवा’ दाबा: तो तसाच राहायला हवा आणि फॉर्म पाठवला जाता कामा नये. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून डोळे मिटून एकदा भरा. शेवटी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून दोन वेगळे पासवर्ड पाठवा: सर्व्हरने ते नाकारले पाहिजेत, आणि पत्त्याच्या पट्टीत त्यांतलं एकही अक्षर दिसता कामा नये.